खाटेखालची कुऱ्हाड

२९ ऑक्टोबर, बुधवार

ही वही डेलफीने दिली. म्हणाली, "आई, तू चुलीपुढे जे बडबडत असतेस ते लिहून ठेव. माझ्या बाळाला कळू दे आपण मूळचे कुठले."

मूळचे इथलेच. मी आत्ता जिथे बसलेय तिथे माझ्या बापाचा गोठा होता. वीसेक वर्षांपूर्वी एक सरकारी माणूस डोंगर चढून आला, आमच्या घरात डोकावला आणि म्हणाला, हे माणसाच्या राहण्यालायक नाही. आम्हाला खाली दरीतल्या वसाहतीत नेऊन ठेवलं आणि घर पाडलं. मग राष्ट्राध्यक्षांना डोंगरात विसावा हवा झाला, म्हणून त्याच जागी हा तळ बांधला. मेलेल्या चेस्टनट झाडांचे साल न काढलेले ओंडके, ओबडधोबड दगडी चूल, झऱ्याचं पाणी. म्हणजे हुबेहूब आमचं घर. फरक इतकाच की आमच्या बापाने ओबडधोबड मुद्दाम केलं नव्हतं.

पहिले साहेब, म्हणजे राष्ट्राध्यक्ष, मासे धरायचे आणि धरलेले परत सोडून द्यायचे. दुसरे नुसते झोपायचे. तिसऱ्यांनी न्हाणीघर बांधलं, देव त्यांचं भलं करो. आताचे चौथे. यांना दुसऱ्यांची भांडणं मिटवायची हौस आहे. नवरा गेल्यापासून मी इथल्या स्वयंपाकघरात आहे, तेव्हा चौघांचीही उष्टी काढलीत म्हटलं तरी चालेल.

शनिवारी मी घरी जाणार. डेलफीचे दिवस भरत आलेत. गेल्या खेपेला मूल हाती लागलं नाही, तेव्हापासून पोर भेदरलेली आहे. "या वेळेला मला दोन्ही पाहिजेत," म्हणाली, "तू आणि कुऱ्हाड." कुऱ्हाड माझ्या पणजीची. तळ नौदल चालवतं आणि नौदलाच्या कुऱ्हाडींनी लोणीही कापत नाही, म्हणून मी ती इथे ढलप्या काढायला आणली. पण तिचं खरं काम वेगळं. बाळंतिणीच्या खाटेखाली धार वर करून ठेवली की कळा कापल्या जातात. माझ्या आईच्या खाली होती, माझ्या खाली होती. शनिवारी खांद्यावर टाकून निघते.

३० ऑक्टोबर, गुरुवार

पाहुणे आले. दोन शेजारी देशांचे दोन पुढारी. नावं आम्हाला सांगितलेली नाहीत, म्हणून स्वयंपाकघरात एक लांबोटा आणि एक ठेंगू. एका नदीच्या पाण्यावरून त्यांचं वैर आहे, गेल्या वर्षी माणसं मेली म्हणतात. एकमेकांचं तोंड बघत नाहीत. लांबोट्याला वरचं घर दिलंय, ठेंगूला माझ्या खोलीसमोरचं. साहेब दोन्हीकडे हेलपाटे घालतात.

फाटक बंद झालं. कमांडर लाथम इथला मुख्य, त्याने सगळ्यांना ओळीत उभं करून सांगितलं की बोलणी संपेपर्यंत कुणी खाली जायचं नाही, निरोप नाही, फोन नाही. मी विचारलं, किती दिवस? म्हणाला, "दोन दिवस, फार तर तीन." म्हणजे शनिवार. ठीक आहे.

१ नोव्हेंबर, शनिवार

गाठोडं बांधून फाटकापाशी गेले तर परत पाठवलं.

लाथमकडे गेले. तो म्हणाला, "आर्व्हिलाबाई, ते अजून एका खोलीत बसलेले नाहीत. बसल्याशिवाय मी कुणालाच सोडू शकत नाही."

"माझी पोर बाळंत व्हायचीय."

"पंधरा दिवस आहेत म्हणाला होतात."

"पोरं तुमचं कॅलेंडर बघून येत नाहीत."

हसला. स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला आणि कागदांत तोंड घातलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण करते काय.

बेन्या म्हणतो चार दिवसांत सुटू. बेन्या म्हणजे बेनिग्नो, पाहुण्यांना वाढायला असतो. फिलिपिन्सहून नौदलात आला, त्याला आईला भेटून वर्षं लोटलीत. "मावशी, तुम्ही दोन दिवसांत रडकुंडीला आलात," म्हणाला. "मग माझं काय?" मी म्हटलं, तुझं तू बघ, पातेलं घास.

चहाचा एक वैताग. ठेंगूने आपली कॉफी परत पाठवली, काळा चहा मागितला, काचेच्या पेल्यात. साखर आत नको, वेगळा खडा हवा, तो दातात धरून चहा ओढतो. बेन्या वरच्या घरून आला तो सांगत, लांबोट्यालाही तेच हवंय, तसाच पेला, तसाच खडा. दोघांनी माझ्या मक्याच्या भाकरीला नावं ठेवली, तीही एकच. म्हणजे मला दोन वेळा चहा, दोन ठिकाणी, दोन तबकं. एकत्र बसले असते तर माझी एक खेप वाचली असती.

२ नोव्हेंबर, रविवार

प्रार्थनेचा दिवस. आज मी एक आगाऊपणा केला.

तळाच्या कडेला आमच्या घरच्यांच्या कबरी आहेत, त्यांच्या मागून एक पायवाट होती, लॉरेलच्या जाळीतून सरळ वसाहतीत उतरायची. लहानपणी मी ती डोळे मिटून उतरायचे. जेवणं उरकली, शाल घेतली, कुऱ्हाड शालीखाली धरली आणि निघाले. धुकं इतकं की पुढचं झाड दिसेना. आजीच्या कबरीपर्यंत बरोबर गेले. तिच्यापुढे चार पावलं टाकली आणि तारेवर आपटले. कुंपण. आजी कुंपणाच्या आत, वाट बाहेर.

बाकी मेलेल्यांनाही कोंडून ठेवलंय म्हणायचं.

पहारेकरी आला. इकडे काय करताय म्हणाला. आजीला भेटायला आले म्हटलं. त्याने दगड पाहिला, टोपी काढली आणि मला सोबत करत स्वयंपाकघरापर्यंत आणून सोडलं. शालीखाली काय आहे हे त्याने विचारलं नाही, नशीब माझं. परत येताना मला रडू फुटलं. आपल्याच बापाच्या जमिनीवर आपण कैदी, अशी तऱ्हा.

४ नोव्हेंबर, मंगळवार

ठेंगूने सामान बांधलं. बेन्याने बघितलं, पेट्या दारात. मला इतका आनंद झाला की मी सफरचंदाचा मुरांबा उघडला. बोलणी मोडली तर मोडली, फाटक तर उघडेल. कुणाच्या नदीचं कुणाला काय होईल ते होवो, माझं एवढंच गाऱ्हाणं आहे देवाकडे.

संध्याकाळी साहेब स्वतः जाऊन त्याला थांबवून आले. मुरांबा फुकट गेला.

लाथमकडे परत गेले. म्हटलं, मला नका सोडू, पण निदान कुऱ्हाड तरी खाली पाठवा, जावई क्लाइड फाटकावर येऊन घेऊन जाईल. लाथमने पेन खाली ठेवलं. "बाई, दोन देशांचे पुढारी या डोंगरावर आहेत, आणि मी फाटकातून एक कुऱ्हाड निरोपाशिवाय बाहेर देऊ?" मी म्हटलं, निरोपासकट द्या. नाही म्हणाला.

आजी सांगायची, एकदा नदीला पूर होता आणि तिची पोर पलीकडे अडली होती. तेव्हा आजीने कुऱ्हाड स्वतःच्याच खाटेखाली ठेवली. ज्या पोटातून पोर आली त्या पोटाला तिच्या कळा ठाऊक असतात. पोर सुखरूप सुटली. मला हे खरं वाटतं का? दिवसाउजेडी विचारलं तर ठाम सांगता येणार नाही. पण रिकाम्या हाताने बसवत नाही. आज निजताना ठेवली. धार वर.

५ नोव्हेंबर, बुधवार

देवा, काय काय दाखवलंस आज.

सकाळी खोल्यांची झडती झाली. ठेंगूच्या दारासमोर माझी खोली, माझ्या खाटेखाली धार वर केलेली कुऱ्हाड. दोन पहारेकऱ्यांनी मला दंडाला धरून लाथमच्या कचेरीत नेलं. पिठाचे हातसुद्धा धुऊ दिले नाहीत.

विचारपूस फिंचने केली. हा सुरक्षेचा माणूस, शहरातला, मिशी कातरलेली, चेहऱ्यावरची माशी हलत नाही.

"ही कुणासाठी ठेवली होती?"

"पोरीसाठी."

"पोरगी कुठे आहे?"

"खाली. दरीत."

"मग कुऱ्हाड इथे का?"

"तुम्ही तिला खाली जाऊ देत नाही म्हणून."

लाथमला हसू आवरेना. दुसरा एक होता तो म्हणाला, बाई एक तर वेडी आहे नाही तर पक्की आहे. फिंच हसला नाही. बोटातली अंगठी फिरवत सगळं लिहून घेत होता. कळा कशा कापतात, धार वरच का, खाली केली तर काय होतं. मी सांगितलं, खाली केली तर कळा उलट्या आत फिरतात, पोर आणि मूल दोन्ही जातात. "तुम्ही तिचं काय वाट्टेल ते करा," म्हटलं, "कोठडीत टाका, कुलपात घाला. पण बाबांनो, माझी पोर सुटेपर्यंत तिची धार खाली करू नका." मी पिठाचे हात जोडले त्याच्यापुढे, आणि मला स्वतःचाच राग आला.

फिंचने तेही लिहिलं. दगड आहे नुसता.

मला खोलीत बसायला सांगितलंय. दाराशी पहारा. स्वयंपाक बेन्या करतोय, म्हणजे पाहुण्यांचे हाल.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आता वेडेपणाची कमाल ऐका. माझ्या एका कुऱ्हाडीपायी त्यांनी तळावरच्या सगळ्या कुऱ्हाडी, करवती आणि कोयते गोळा करून कुलपात घातले. वॉशिंग्टनहून परवानगी आल्याशिवाय बाहेर काढायचे नाहीत.

आणि आज सकाळपासून गारठा पडलाय. पाऊस अर्धा बर्फ होऊनच खाली येतो, छपरावर वाळू फेकल्यासारखा वाजतो. छोट्या घरांतल्या लोखंडी शेगड्यांची दारं एवढीशी, त्यांत फक्त बारीक ढलप्या जातात. ढलप्या दुपारीच संपल्या. कोठारात ओंडके ढिगाने, पण फोडणार कशाने, दातांनी? इतकी शिकलेली माणसं, कुणाला हे आधी सुचलं नाही. मी पहारेकऱ्याला ओरडून सांगितलं तर तो म्हणाला, "मावशी, मला सांगून उपयोग नाही, माझीच बोटं गारठून गेलीत."

पांघरूण अंगावर घेऊन लिहितेय. दुपारपासून माझ्या पोटात ओढ लागलीय. कमरेतून येते, पुढे येते, जाते. डेलफी अडली असेल, मला कळतंय. की बेन्याचा पाव बाधला? देवा, पावच असू दे.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. पहाटे पोटातली ओढ एकदम गेली. गेली म्हणून जास्त भीती वाटली. कळा थांबणं चांगलंही असतं आणि वाईटही.

खिडकीतून बघते तर सगळ्या तळावर एकाच धुराड्यातून धूर. मोठ्या दिवाणखान्यातली दगडी चूल अख्खा ओंडका गिळते, तिथे फोडायला लागत नाही. बेन्या जेवण घेऊन आला तो सांगत होता, सगळे तिथेच कोंबलेत. साहेब, लांबोटा, ठेंगू, त्यांचे कारकून, पांघरुणं गुंडाळून, एका चुलीपुढे.

"भांडतायत का?"

"काल संध्याकाळी पाठीला पाठ लावून बसले होते, मावशी. मग लांबोट्याला ओंडका ढकलता येईना तर ठेंगूने दुसरं टोक धरलं. आज सकाळी एका तबकातून चहा मागितला. मघाशी दोघं ओंडक्याच्या राखेत काडीने नदी काढत होते."

"म्हणजे राख सगळी गालिच्यावर."

"सगळी."

कोण झाडणार ती? मीच. थोरामोठ्यांना घरात पसारा करू नये एवढंही आयांनी शिकवलेलं नसतं.

८ नोव्हेंबर, शनिवार

काही नाही. गारठा. पहारा. डेलफी.

फिंच अंगणातून गेला, लंगडत. बर्फावरून घसरला असेल. बरी खोड मोडली मेल्याची.

९ नोव्हेंबर, रविवार

दुपारी अंगणात एकदम गलका झाला. सही झाली म्हणे. नदी वाटून घेतली. लांबोटा आणि ठेंगू मोटारीत बसण्यापूर्वी एकमेकांच्या गालाला गाल लावून उभे राहिले, आणि ठेंगू रडत होता. थंडीने डोळ्यांतून पाणी येतंच म्हणा.

साहेबांनी सगळ्या नोकरांचे हात हातात घेतले. माझ्यापाशी थांबून म्हणाले, "या डोंगराच्या शांततेने हे घडवलं." मी मान डोलावली. शांतता कसली, दात वाजत होते सगळ्यांचे.

लाथमने मला जायला सांगितलं. कुऱ्हाड मागितली तर म्हणाला, ती फिंचच्या ताब्यात आहे, कागद पुरे झाले की मिळेल. तिच्यासाठी थांबायला माझ्यात धीर नव्हता. दूधवाल्याच्या गाडीतून तशीच उतरले, रिकाम्या हाताने.

१० नोव्हेंबर, सोमवार

मुलगी आहे. जिवंत आहे, लालबुंद आहे, आणि तोंड आमच्या आजीचं आहे. शुक्रवारी सकाळी झाली.

शेजारच्या टिल्डीकाकूने सोडवलं. गुरुवारी दुपारी सुरू झालं आणि पोर रात्रभर मला हाका मारत होती, असं क्लाइडने सांगितलं. डेलफी स्वतः बोलेना. मी उशाशी बसले तर भिंतीकडे तोंड केलं. मी पेज केली, ती खाल्ली, पण माझ्याकडे बघितलं नाही.

मग रेडिओवर साहेबांचं भाषण लागलं, डोंगराची शांतता वगैरे. ती म्हणाली, "दोन देशांना दहा दिवस दिलेस, आई. मला एक रात्र नाही मिळाली."

कुंपण होतं, पहारा होता. मी म्हटलं, "मी अडकले होते गं." किती पोकळ वाटलं ते माझं मलाच. मग मी कुऱ्हाडीचं सांगितलं, आजीने पुराच्या वेळी केलं तसं, माझ्याच खाटेखाली, धार वर.

तिने मान वळवली. "पहाटे कळा कापल्यासारख्या झाल्या होत्या," म्हणाली. "टिल्डीकाकू घाबरली. पण मला झोप लागली घटकाभर. उठले ती जोर घेऊनच. मला तेव्हाच वाटलं, आईने काहीतरी केलंय."

माझा हात धरला तिने. गप्प राहिले असते तर सगळं गोड झालं असतं. पण बाळंतिणीशी खोटं बोललं की दूध आटतं, असं आमच्यात म्हणतात, तेव्हा मी सांगून टाकलं की बुधवारीच ती माझ्याकडून काढून नेली होती. शुक्रवारी पहाटे माझ्या खाटेखाली काही नव्हतं. फिंचच्या कुठल्या कपाटात पडली होती कोण जाणे.

डेलफीने विचारलं, "मग कुणी कापल्या?"

तिने हात सोडला नाही, पण पकड सैल झाली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

कुऱ्हाड आणायला वर गेले. नोकरीवर परत यायचं की नाही ते अजून ठरवलेलं नाही. तळ रिकामा, पानं पडलेली. बेन्याला आईला भेटायला रजा मिळाली, जाताना माझ्यासाठी चूल स्वच्छ करून गेलाय. दिवाणखान्यात गालिच्यावरची राख तशीच होती. मी आधी ती झाडली, मग फिंचच्या खोलीवर गेले.

फिंचने कुऱ्हाड घोंगडीत गुंडाळून आणून दिली. तिला एक नंबराची चिठ्ठी बांधली होती. तसाच लंगडत होता, एका पायात बूट आणि एका पायात सैल चप्पल.

"मुलगी झाली," मी म्हटलं, कारण त्याने विचारलं नाही पण तो तिथेच उभा राहिला.

"आणि आई?"

"बरी आहे."

त्याने सुस्कारा सोडला. मी घोंगडी उलगडून पातं बघितलं. गंज नाही, टवका नाही, धार होती तशी.

"बरी ठेवलीत," मी म्हटलं. "बाकीच्यांबरोबर कुलपात होती का?"

"नाही. ती पुरावा होती, वेगळी ठेवायची होती. माझ्या ताब्यात."

"म्हणजे कुठे?"

त्याने खोलीच्या कोपऱ्याकडे बघितलं. तिथे त्याची खाट होती.

मी त्या खाटेकडे बोट केलं. "धार?"

"वर," तो म्हणाला. "तुम्ही सांगितलं होतंत तशी. मुलगी सुटेपर्यंत. सुटली ते मला कळायला मार्ग नव्हता, म्हणून आजपर्यंत तशीच होती. एवढंच की गेल्या शुक्रवारी पहाटे अंधारात उठलो तेव्हा विसरलो, आणि पाय खाटेखाली गेला."

मी कुऱ्हाड भिंतीला टेकवली, त्याला खुर्चीत बसवलं आणि मोजा काढायला लावला.